विश्लेषण : बारावी तर झाली, पुढे कुठे? जुन्नर-आंबेगावच्या मुलांची वाट नेमकी कुठे अडते?

बारावीचा निकाल २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, पुणे विभागाचा ९१.३२ टक्के. मुली ९४.५८ टक्के, मुले ८९.५१ टक्के. पेढे वाटून झाले, फ्लेक्स लागले, मोबाइलचे स्टेटस बदलले. आता जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या घराघरांत एकच प्रश्न आहे : पोरगा किंवा पोरगी पुढे कुठे जाणार? पुण्याला, मंचरला, चाकणला, भरतीच्या अकादमीत की परत शेतावर? हा प्रश्न घरातल्या घरात सुटेल असा वाटतो, पण त्याचे उत्तर बऱ्याचदा एसटीचे वेळापत्रक, जात वैधता प्रमाणपत्र आणि कांद्याचा भाव हे तिघे मिळून देतात.

२०२५ ची बॅच वेगळी का?

२०२५ मध्ये बारावी झालेली मुले २०२०-२१ मध्ये आठवीत होती. म्हणजे त्यांची आठवी जवळपास पूर्ण मोबाइलवर गेली आणि नववीचाही बराच भाग तसाच गेला. बीजगणिताचा पाया ज्या वर्षी पक्का व्हायचा, त्या वर्षी घरात एक फोन आणि शिकणारी तीन भावंडे अशी स्थिती होती. पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत तर रेंज मिळावी म्हणून मुले सड्यावर जाऊन बसत. नववीपर्यंत परीक्षेत फारसे कुणी नापास झाले नाही. तुटलेला दुवा दिसला तो अकरावी सायन्सच्या भौतिकशास्त्रात आणि गणितात.

याच मुलांकडे त्यांच्या थोरल्या भावंडांकडे नसलेल्या काही गोष्टी मात्र आहेत. बाजारभाव त्यांना वडिलांच्या आधी कळतो. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट काय दराने गेले, ओतूर आणि मंचरला कांदा कुठे थांबला, हे त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत येते. ड्रिपचे वेळापत्रक, फवारणीचे प्रमाण, गाडीभाड्याचा हिशेब त्यांना येतो. उन्हाळी टोमॅटोची तोडणी मे-जूनमध्ये सुरू होते आणि मजूर मिळत नाहीत. त्यामुळे निकालाची वाट पाहण्याची सुट्टी अनेकांची वावरातच जाते.

आवडीनिवडीही इथल्याच मातीतल्या आहेत. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. बंदी उठली तेव्हा ही मुले नववीत होती. घाटातली बारी, सेकंदांचा हिशेब, घोडी पुढे कुणी धरायची याची चर्चा त्यांच्यासाठी क्रिकेटपेक्षा कमी नाही. पंचाईत एवढीच, की यात्रांचा हंगाम आणि सीईटीचा अभ्यास एकाच चैत्रात येतो. शिवनेरीवरची शिवजयंतीही १९ फेब्रुवारीला, म्हणजे बारावीचे पेपर सुरू असताना. २०२५ मध्ये परीक्षा ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, त्यामुळे दरवर्षी ज्योत घेऊन पळणाऱ्या पोरांपैकी बारावीवाल्यांना घरी बसावे लागले.

आणि २८ फेब्रुवारी. खोडदच्या जीएमआरटीमध्ये राष्ट्रीय विज्ञान दिनाला प्रदर्शन भरते. परिसरातल्या शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण जवळून पाहतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. जुन्नर तालुक्यातल्या बहुतेक मुलांनी ती सातवी-आठवीत पाहिलेली असते. ‘मला शास्त्रज्ञ व्हायचंय’ हे वाक्य इथल्या शाळांत जरा जास्त ऐकू येते, ते उगीच नव्हे. ते बारावीपर्यंत किती जणांच्या तोंडी टिकते, हा पुढचा प्रश्न.

दोन तालुके, पण एकच परिस्थिती आहे का?

नाही. इथली सगळी गुंतागुंत भूगोलातून येते. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाचे पाणी आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावचे डिंभे ही धरणे याच प्रकल्पातली. या पाण्यावर ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा आणि दुधाचा धंदा उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, मंचरची दूध प्रक्रिया, नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र हे सगळे याच पट्ट्यातले.

मधोमध पुणे-नाशिक महामार्ग जातो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावे त्यावर वाढली. महाविद्यालये, क्लासेस, अभ्यासिका, भरती अकादम्या, फोटोकॉपीची दुकाने इथेच आहेत.

पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची गावे. भात, नाचणी, हिरडा. डिंभे धरणात जुने आंबेगाव गाव बुडाले, तालुक्याचे नाव तेवढे उरले. धरण पश्चिमेला, जमिनी गेल्या पश्चिमेच्या आणि कालवे पूर्वेला, ही गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या पावसाळ्यात दुसरीच्या वर्गात असलेली या भागातली मुले २०२५ मध्ये बारावी झाली.

त्यामुळे ‘जुन्नर-आंबेगावचा बारावीचा विद्यार्थी’ असा एकच कुणी नाही. नारायणगावच्या द्राक्ष बागायतदाराच्या मुलाचा प्रश्न पुण्यातले कॉलेज कुठले घ्यायचे हा असतो. आहुप्याकडच्या मुलीचा प्रश्न घोडेगावपर्यंत रोज कसे पोहोचायचे हा.

मुलींचे शिक्षण बारावीनंतर का अडखळते?

निकालात मुली पुढे आहेत, पाच टक्क्यांहून अधिक. मग पुढे त्या गळतात कुठे? पहिले उत्तर एसटीच्या खिडकीवर मिळते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा प्रवास मोफत आहे. ही योजना बारावीला संपते. पदवीच्या पहिल्या वर्षाला त्याच मुलीला, त्याच रस्त्यावर, बऱ्याचदा त्याच आवारातल्या महाविद्यालयात जाण्यासाठी विद्यार्थी पास काढावा लागतो. त्यात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याच्या एक तृतीयांश पैसे द्यावे लागतात. रक्कम शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल. ज्या घरात दोन मुले शिकतात आणि मुलाची फी आधी भरायची असते, तिथे ती किरकोळ नसते.

दुसरे उत्तर वेळेचे. गाडी दिवसातून एक-दोनदाच असेल तर सकाळचे प्रात्यक्षिक हुकते किंवा परतीला अंधार पडतो. उसाच्या पट्ट्यात अंधार म्हणजे बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि त्यातली दोनशेहून अधिक गावे बिबट्यामुळे आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली आहेत. फाट्यावर उतरून उसाच्या कडेने दीड-दोन किलोमीटर चालत घरी जाणाऱ्या मुलीला वडील रोज दुचाकीवरून आणू शकले, तर तिचे कॉलेज टिकते. नाही जमले तर ‘बाहेरून परीक्षा दे’ असा तोडगा निघतो. घरच्यांना यात दोष देता येत नाही. पण एका संध्याकाळच्या फेरीने सुटणारा प्रश्न मुलीचे नियमित शिक्षणच सोडवून सुटतो, हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात कधी येणार?

तिसरे उत्तर लग्नाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के महिलांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. बारावी आणि अठरावे वर्ष एकाच सुमारास येतात. कॉलेजला प्रवेश असेल तर ‘शिकतेय अजून’ हे सांगता येते. प्रवेश नसेल तर पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर स्थळे सुरू होतात.

सरकारने मुलींसाठी मोठा निर्णय घेतला आहे, हेही सांगायला हवे. जुलै २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीची वेगळी योजना आधीपासून आहे. पण या माफीला दोन अटी आहेत. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा, संस्था पातळीवरच्या कोट्यातून नको. आणि माफी शुल्काची आहे, राहण्या-खाण्याची नाही. इंजिनीअरिंग फुकट झाले, तरी पुण्यातली कॉट बेसिस खोली आणि मेस फुकट नसते.

सायन्स घेतलेल्यांचे तरी सोपे आहे का?

कागदावर हो. राज्यात २०२५ मध्ये विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५ टक्के, वाणिज्यचा ९२.६८ टक्के आणि कला शाखेचा ८०.५२ टक्के लागला. त्यामुळे ‘सायन्सला कुणी नापास होत नाही’ हा समज गावात पक्का झाला आहे आणि दहावीला साठ-पासष्ट टक्के मिळालेलेही सायन्सला जातात. खरी चाळणी पुढे लागते. व्यावसायिक प्रवेशासाठी बारावीचे गुण पात्रतेपुरते उरतात. इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषीसाठी एमएचटी-सीईटी आणि डॉक्टरकीसाठी नीट.

यातून एक विचित्र व्यवस्था तयार झाली. नाव गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा पुणे, संगमनेर किंवा लातूरच्या क्लासमध्ये. प्रात्यक्षिकापुरता आणि परीक्षेपुरता गावी. ज्यांच्याकडे लाख-दीड लाख रुपये आहेत त्यांची ही सोय होते. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांच्या वर्गात शिक्षक आहेत पण विद्यार्थी निम्मेच, आणि तेही यूट्यूबवर अवलंबून. गावातल्या वर्गाची रयाच जाते. याचा फटका क्लासला न गेलेल्यांना अधिक बसतो.

तरी इंजिनीअरिंगच्या बाबतीत हा भाग दुर्दैवी म्हणता येणार नाही. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ पासून आहे, शेजारी शासकीय तंत्रनिकेतन आहे. जुन्नर तालुक्यात कुरण, बेल्हे, ओतूरजवळ खासगी महाविद्यालये आहेत. गावांच्या अशा घोळक्यात एवढी इंजिनीअरिंग कॉलेजे राज्यात सगळीकडे नाहीत. गंमत अशी, की अवसरीच्या शासकीय महाविद्यालयात राज्यभरातली मुले येतात आणि मंचरच्या मुलाला तिथे प्रवेश मिळेलच असे नाही. शासकीय जागा गुणवत्तेने भरतात, पिनकोडने नाही.

कॅपचा अर्ज भरताना २०२५ मधला एक बदल लक्षात ठेवायला हवा. फेऱ्या चार आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाली, तर तीच अंतिम. पूर्वी ‘बघू पुढच्या फेरीत’ म्हणून कशीही यादी भरली तरी चालून जायचे. आता सायबर कॅफेवाल्याने भरून दिलेली यादी महागात पडू शकते. पहिली सहा नावे घरी बसून, शुल्क, वसतिगृह आणि येण्या-जाण्याचा विचार करून लिहिलेली बरी.

कागदपत्रांवर गाडी का अडते?

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रीमीलेअर, जातीचा दाखला हे सेतू केंद्रातून मिळतात. उशीर झाला तरी मिळतात. अडते ते जात वैधता प्रमाणपत्रावर. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागते. मराठा समाजासाठी २०२४ मध्ये दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला आणि दुसऱ्या बाजूला कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम झाली. एकाच घरात थोरल्याचा दाखला एका प्रवर्गाचा आणि धाकटीचा दुसऱ्या, असे प्रसंग आले. कुठल्या दाखल्यावर अर्ज भरायचा, हे ठरवण्यातच जून निघून जातो.

महादेव कोळी कुटुंबांची अडचण जुनी आहे. जमातीचा दावा सिद्ध करायला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली कागद, नातेवाइकांची वैधता लागते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर काय दाखवायचे? ज्यांच्या चुलत्याची किंवा आत्याची वैधता आधी झाली आहे, त्यांचे काम सोपे होते. म्हणून या भागात घरातले पहिले इंजिनीअर किंवा पहिली नर्स होणे फार कष्टाचे असते आणि दुसरे होणे बरेच सोपे. अकरावीत असतानाच वैधतेचा अर्ज करा, असे शिक्षक सांगतात. ऐकणारे कमी.

घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला त्यातून भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. पैसे बँक खात्यात येतात, पण खोलीचे डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याची मेस आधी भरावी लागते. त्या दोन-तीन महिन्यांचे पैसे कुठून आणायचे, यावर अनेकांचा पुण्याचा बेत ठरतो किंवा मोडतो. बागायतदाराच्या घरीही वेगळी तऱ्हा नाही, फक्त आकडे मोठे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली, त्यानंतरही निर्यातशुल्क होते आणि ते १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण हटले. या काळात ज्या मुलांची अकरावी-बारावी झाली, त्यांच्या क्लासच्या फीचे हप्ते कांद्याच्या पट्टीवर होते.

बीबीए, बीसीएचा गोंधळ काय आहे?

मंचर, नारायणगाव, ओतूर, जुन्नर, घोडेगावच्या महाविद्यालयांत बीए, बीकॉम, बीएस्सीबरोबर बीबीए आणि संगणकाचे अभ्यासक्रम चालतात. वाणिज्य शाखेच्या मुलांचा त्याकडे ओढा असतो, कारण ‘कॉम्प्युटरची डिग्री’ म्हणता येते आणि घरून ये-जा करता येते. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्यात त्यासाठी सीईटी सक्तीची झाली. पहिल्या वर्षी जागा लाखाहून अधिक आणि परीक्षेला बसलेले त्याच्या निम्म्याहून कमी. पुन्हा सीईटी घ्यावी लागली, तरी जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून सीईटीतून सुटका करून घेतली.

शहरातल्या मुलाला मार्चमध्ये सीईटीच्या अर्जाची मुदत कळते. पश्चिमेकडच्या मुलीला ती जूनमध्ये कॉलेजच्या खिडकीवर कळते. नियम सगळ्यांना सारखा आणि माहिती मात्र सारखी नाही. नावे बदललेल्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : पदवी प्रमाणपत्रावर नेमके काय लिहून येणार? पुढे एमबीए, एमसीएला ते लागते.

यातच नवे शैक्षणिक धोरण. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ च्या प्रथम वर्षापासून आले. मेजर, मायनर, क्रेडिट, कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण अशी नवी भाषा आली. पुण्यात प्रशिक्षणाला कंपन्या आहेत. घोडेगावच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रशिक्षण कुठे घ्यायचे? उत्तर खरे तर समोर आहे. जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला. शिवनेरी, नाणेघाट, हडसर, चावंड, जीवधन, लेण्याद्रीची लेणी आणि ओझरचा गणपती एका तालुक्यात आहेत. नाणेघाटातला सातवाहनकालीन लेख वाचून दाखवणारे दहा तरुण तयार झाले, तरी ते काम होईल. अजून हा धागा कुणी नीट पकडलेला दिसत नाही.

भरतीची ओढ एवढी का?

पहाटे पाचला मंचर-नारायणगावच्या मैदानांवर जावे, म्हणजे कळते. पोलीस शिपाई पदासाठी पात्रता बारावी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी परीक्षा ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलाची उंची १६५ सेंटीमीटर, मुलीची १५५. कोण किती पळाला हे सगळ्यांना दिसते, त्यात वशिला चालत नाही, हा विश्वास या आकर्षणाच्या मुळाशी आहे. डोंगरात रोज चढउतार करणाऱ्या मुलामुलींचा दमही चांगला असतो. आदिवासी पट्ट्यातल्या मुली गेल्या काही वर्षांत मैदानावर मोठ्या संख्येने दिसू लागल्या, हा बदल मोठा आहे.

अडचण अशी की भरती दरवर्षी निघत नाही, आणि निघाली तरी अर्जांपासून नियुक्तीपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. तोवर अकादमीची फी, अभ्यासिकेची फी, आणि एक अर्धवट सोडलेले बीए. अग्निवीरचा पर्याय साडेसतराव्या वर्षापासून खुला आहे. चार वर्षांची सेवा, शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी आणि २५ टक्क्यांपर्यंत जणांना पुढे कायम सेवा. योजना जून २०२२ मधली आणि पहिली तुकडी अजून सेवेत आहे. २०२६ च्या अखेरीपासून ती मुले परतू लागतील. बाविशीतला, हातात दहा-अकरा लाख असलेला आणि पुन्हा नोकरी शोधणारा तरुण गावात आला, की बारावीच्या पोरांचा या वाटेबद्दलचा हिशेब नव्याने मांडला जाईल.

चाकण जवळ आहे, मग नोकरीचा प्रश्न का?

मंचरपासून चाकण सुमारे तीस किलोमीटर. मोटारी आणि सुट्या भागांचे एवढे कारखाने देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. बारावी झालेल्या मुलाला तिथे काम मिळतेही, बहुधा कंत्राटदारामार्फत. आयटीआय केलेल्याला शिकाऊ उमेदवारी मिळते आणि पुढे टिकण्याची शक्यता अधिक. म्हणूनच ‘निव्वळ बारावी’ आणि ‘बारावी व आयटीआय’ यांतला फरक पाच वर्षांनी पगारात स्पष्ट दिसतो. दुर्दैवाने आयटीआय हा अजूनही कमी टक्केवाल्यांचा मार्ग मानला जातो.

सरकारी कार्यालयांतला अनुभव हवा असेल, तर २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आहे. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार. सहा महिन्यांची ही मुदत नंतर पाच महिन्यांनी वाढवली. पुढे काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थी आंदोलने करून विचारत आहेत.

पदवीधराची अवस्था शिकलेल्या पालकांनाही कोड्यात टाकते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात पदवीधर तरुणांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांमधला ३.४ टक्के दिला होता. निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, हे त्यामागचे साधे कारण. पण पारावर हाच आकडा ‘शिकून काय मिळाले?’ असा सांगितला जातो.

आणि शेती? इथली बागायती शेती पैसा देत नाही असे नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने नारायणगावच्या बाजारात काही घरांचे नशीब पालटले. पुढच्या हंगामात तोच टोमॅटो कधी रस्त्याकडेला दिसतो. मुलांना शेती नको असते ती कष्टामुळे कमी आणि या लहरीपणामुळे जास्त. शिवाय लग्नाच्या बाजारात दहा एकर बागायतीपेक्षा चाकणची कंत्राटी नोकरी वरचढ ठरते. कृषी पदविका घेऊन गावात राहू पाहणाऱ्या मुलाला आधी आईवडिलांची समजूत घालावी लागते.

पूर्वीच्या पिढ्या मुंबईला जात. गिरणी, माथाडी, डबे पोहोचवण्याचे काम, वाशीच्या बाजारातला गाळा. १९३० मध्ये परदेशी कापडाच्या ट्रकखाली प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू हे आंबेगावच्या महाळुंगे पडवळचे गिरणी कामगार, त्यांचेच नाव डिंभे जलाशयाला आहे. त्या वाटेवर गावकऱ्यांची खोली, गावकऱ्यांची खानावळ असायची. नवा मुलगा उपाशी राहत नसे. पुण्याला जाणाऱ्या आजच्या मुलासाठी तशी व्यवस्था उरलेली नाही. तो भाड्याच्या खोलीत तिघा अनोळखी मुलांबरोबर राहतो.

रेल्वे आली असती तर?

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ आराखडा मंचर-नारायणगाववरून जाणारा होता. तसे झाले असते तर पुण्यातले कॉलेज घरून ये-जा करून करता आले असते. पण रेल्वेमुळे जीएमआरटीच्या संवेदनशील निरीक्षणांत अडथळा येईल, या कारणाने रेल्वेने तो मार्ग नाकारला आणि शिर्डीमार्गे पर्याय पुढे आला. दुर्बिणीभोवती उद्योगांवरही निर्बंध आहेत. वैज्ञानिकांची अडचण खोटी नाही. विश्वाच्या टोकाकडून येणारे अतिक्षीण रेडिओ संदेश टिपायचे, तर भोवती शांतता लागते. ती शांतता राखण्याची किंमत मात्र या दोन तालुक्यांतली मुले मोजतात, रोज चाकणच्या कोंडीत. त्या बदल्यात त्यांना काय मिळाले, हे कुणी विचारले आहे का? खोडदला वर्षातून एकदा प्रदर्शन भरते, ते चांगलेच आहे. पण इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या पदविकेच्या स्थानिक मुलांसाठी तिथे दरवर्षी ठरावीक प्रशिक्षण जागा राखणे, आदिवासी पट्ट्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणे, या मागण्या रेल्वेच्या मार्गाइतक्या अवघड नाहीत. महामार्गावर आंदोलने रेल्वेसाठी झाली, टोमॅटोच्या भावासाठी झाली, बिबट्यासाठी झाली. या मागण्यांसाठी अजून एकही झालेले नाही.

वसतिगृहांचे अर्ज ऑनलाइन आहेत आणि स्वयम् योजनेचेही. एसटीचा विद्यार्थी पास काढायला महाविद्यालयाचा दाखला लागतो, म्हणून प्रवेश घेतला त्याच दिवशी तो मागून घ्यावा.